नाकेबंदीपलीकडची भूक

१९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये घरातले माणूस गेले, तरी त्याची नोंद करायला लोक धजावत नव्हते. नोंद केली की मेलेल्याचे रेशनकार्ड जमा करावे लागे, आणि त्या कार्डावर मिळणारा पावाचा तुकडा मागे उरलेल्यांना हवा असे. म्हणून रात्रीच्या अंधारात प्रेत दफनभूमीपाशी न्यायचे आणि नाव-गाव काही न ठेवता तिथेच सोडून परतायचे. दिवस उजाडला की नगरपालिकेच्या गाड्या फिरत आणि रस्त्यात पडलेली प्रेते गोळा करत. शहर युरोपातले, एके काळी लोकशाहीला जन्म दिलेले. तिथे माणसे अन्नावाचून चालता चालता कोसळत होती.

हा दुष्काळ पावसाने आणलेला नव्हता. ग्रीसची जमीन डोंगराळ. तिथे ऑलिव्ह, द्राक्षे, तंबाखू मुबलक, पण खाण्याच्या गव्हापैकी जवळपास तिसरा हिस्सा समुद्रापलीकडून येई. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्या आणि देशाचे तीन तुकडे झाले : एक जर्मनांकडे, मोठा भाग इटालियनांकडे, आणि मॅसिडोनिया-थ्रेसचा धान्य पिकवणारा पूर्वेकडचा पट्टा बल्गेरियाकडे. लष्कराने गोदामे रिकामी केली. रेल्वे आणि रस्ते सैन्याच्या कामाला लागले, नोटांची किंमत घसरत गेली, तसे शेतकऱ्याने धान्य लपवले आणि काळाबाजार माजला. हे सगळे शत्रूचे काम होते. समुद्राची वाट मात्र मित्राने अडवली होती. ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी हिटलरच्या ताब्यातल्या सगळ्या युरोपाला लागू होती आणि ग्रीस आता त्यातच मोडत होता. मुसोलिनीच्या सैन्याला आदल्याच हिवाळ्यात अल्बानियाच्या डोंगरात मागे रेटणारा, ब्रिटनच्या खांद्याला खांदा लावून लढलेला हा देश ब्रिटनच्याच नाकेबंदीत उपाशी मरत होता.

नाकेबंदीमागचा विचार ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २० ऑगस्ट १९४० रोजी संसदेत मांडला होता. लढाऊ वैमानिकांच्या ऋणाबद्दलच्या वाक्यासाठी चर्चिलचे हे भाषण जगभर लक्षात राहिले. त्याच भाषणात, जिंकलेल्या देशांना अन्न का जाऊ देणार नाही, याचीही कारणे त्यांनी दिली होती. चरबीपासून बॉम्ब होतात, बटाट्यापासून मालमोटारींचे इंधन होते, विमानांना लागणारे प्लास्टिक दुधापासून बनते, असा त्यांचा हिशोब होता. ज्याने देश जिंकला त्याने तो पोसावा. आपण धान्य पाठवले तर तेवढाच जर्मनीचा भार हलका होईल, युद्ध लांबेल आणि आणखी माणसे मरतील.

हा युक्तिवाद वेडगळ म्हणून झटकून टाकता येत नाही. ब्रिटन त्या उन्हाळ्यात जवळजवळ एकटा उभा होता आणि नाकेबंदी हे त्याच्या हातातल्या थोड्या शस्त्रांपैकी एक होते. पण शस्त्र ज्याच्यावर उगारले होते त्याला ते लागत नव्हते. जर्मन शिपाई जेवत होता, अथेन्सचे मूल मरत होते. जिंकलेल्यांना पोसण्याची जबाबदारी कायद्याने जर्मनीची होती, हे खरेच. ती त्याने पार पाडली नाही, हेही सगळ्यांना दिसत होते. मग पुढे काय करायचे, हा प्रश्न लंडनमध्ये कोणी अधिकृतपणे विचारत नव्हता.

विचारणारे होते ते अधिकाराबाहेरचे. त्यांच्या गाठीला एक जुना अनुभव होता. पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले, तरी जर्मनीची नाकेबंदी पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवली गेली होती. एग्लंटाइन जेब या बाईंनी तेव्हा लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. त्यांना अटक झाली आणि ५ पौंड दंड झाला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच तेवढी रक्कम त्यांच्या हाती ठेवली, असे सांगतात. १९१९ साली उभ्या राहिलेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची ती पहिली देणगी. शत्रूच्या मुलांनाही भूक लागते, एवढेच जेबबाईंचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

ग्रीसकडे पहिले अन्न गेले ते तुर्कस्तानातून. या दोन शेजाऱ्यांचे वैर जुने. वीसच वर्षांपूर्वी त्यांच्यात रक्तरंजित युद्ध झाले होते, लाखो लोकांची अदलाबदल झाली होती. तरीही ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘कुर्तुलुश’ नावाचे जुने मालवाहू जहाज बाजूंवर रेड क्रेसेंटची लाल चंद्रकोर रंगवून इस्तंबूलहून पिरेयसच्या बंदराकडे निघाले. पैसा बराचसा अमेरिकेतल्या ग्रीकांनी जमवला होता. तुर्कस्तान तटस्थ होता आणि ब्रिटनने या खेपांकडे काणाडोळा करायचे ठरवले. जहाज १८८३ साली बांधलेले, म्हणजे तोवर साठीला टेकलेले. चार खेपा त्याने पुऱ्या केल्या. पाचव्या खेपेला, २० जानेवारी १९४२ रोजी, मार्माराच्या समुद्रात वादळात खडकावर आदळून ते बुडाले. खलाशी वाचले. पुढे तुर्कांनी दुसरी जहाजे पाठवली. या चार खेपांतून पोहोचलेले अन्न काही हजार टनांचेच होते आणि एवढ्या मोठ्या भुकेपुढे ते फारसे नव्हते. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : शत्रूच्या ताब्यातल्या बंदरात अन्न उतरवता येते आणि रेड क्रॉसच्या देखरेखीखाली ते भुकेल्यापर्यंत पोहोचवता येते. चर्चिलच्या हिशोबातला एक आकडा तिथे चुकला होता.

परागंदा ग्रीक सरकार, कैरोतले ब्रिटिश अधिकारी आणि अमेरिकेतले लोकमत, सगळीकडून दबाव वाढत गेला. १९४२ च्या सुरुवातीला ब्रिटनने ग्रीसपुरता अपवाद मान्य केला. तटस्थ स्वीडनची जहाजे कॅनडाचा गहू घेऊन जातील, दोन्ही बाजू त्यांना वाट देतील आणि वाटप आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस व तटस्थ देशांची माणसे करतील, असे ठरले. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस ती जहाजे पिरेयसला लागली. महिन्याला १५ हजार टन गव्हाची ही व्यवस्था युद्ध संपत येईपर्यंत टिकली. ताब्याच्या सगळ्या काळात ग्रीसमध्ये उपासमारीने किती माणसे गेली, याचे अंदाज अडीच-तीन लाखांच्या घरात आहेत. लोकसंख्या सत्तरेक लाख. गव्हाची जहाजे आली नसती तर आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

दार किलकिले झाले होते. ते आणखी उघडावे, बेल्जियमसारख्या देशांतल्या मुलांना निदान दुधाची भुकटी आणि जीवनसत्त्वे तरी जाऊ द्यावीत, यासाठी मे १९४२ मध्ये लंडनला एक दुष्काळ निवारण समिती स्थापन झाली. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल तिचे अध्यक्ष. शहराशहरांतून तिच्या शाखा निघू लागल्या. ऑक्सफर्डमधली त्यांतलीच एक.

५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चच्या जुन्या ग्रंथालयात तिची पहिली बैठक झाली. ही खोली चौदाव्या शतकातली. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा त्याचा कारभार इथून चाले. बैठकीमागची माणसे नीट पाहण्यासारखी आहेत. चर्चचे धर्मगुरू रिचर्ड मिलफर्ड. यांनी उमेदीची वर्षे भारतात, आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकवण्यात घालवली होती. गिल्बर्ट मरे, ग्रीक भाषेचे नामांकित प्राध्यापक, वय ७६, युरिपिडीसची नाटके इंग्रजीत आणणारे. युरिपिडीसने पराभूत ट्रॉयच्या बायकांचा आक्रोश जेत्यांच्याच प्रेक्षागृहात ऐकवला होता. त्याची नाटके आयुष्यभर उलगडत बसलेल्या मरेंना अथेन्सच्या बातम्या वाचून काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. हेन्री जिलेट, क्वेकर पंथाचे, पेशाने डॉक्टर आणि शहराचे माजी महापौर. सर ॲलन पिम. भारतातल्या सनदी सेवेतून निवृत्त झालेले. आणि लवकरच चिटणिसाचे काम अंगावर घेणारे सेसिल जॅक्सन-कोल. धंदा करून वर आलेले गृहस्थ. विद्वानांच्या समितीला ठरावांपलीकडे नेऊन पैसा उभा करायला त्यांनीच लावले. संस्था उभी राहिली याचे श्रेय मी मरेंच्या नावापेक्षा जॅक्सन-कोल यांच्या चिकाटीला अधिक देईन. मरेंच्या नावामुळे वर्तमानपत्रांत जागा मिळत होती; पत्रे, हिशोब आणि वर्गणी यांचे काम जॅक्सन-कोल यांच्याकडे होते.

या समितीची पहिली मागणी पैशाची नव्हती. ती सरकारकडून परवानगी मागत होती. देण्यासारखे लोकांकडे होते. ते जाऊ द्या, एवढेच तिला हवे होते. युद्ध ऐन भरात असताना, रोज माणसे मरत असताना, आपल्याच सरकारच्या युद्धनीतीतले एक कलम चुकीचे आहे असे म्हणणे हे साधे काम नव्हते. अशा लोकांवर शत्रूला मदत करणारे, भाबडे, पराभूत वृत्तीचे असे शिक्के बसत. बेल्जियमच्या मुलांसाठी दूध पाठवण्याची विनंती सरकारने मान्य केली नाही. कारणे तीच, १९४० ची.

म्हणून समितीने जे शक्य होते ते केले. १९४३ मध्ये ती धर्मादाय संस्था म्हणून नोंदली गेली आणि त्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डमध्ये ‘ग्रीक सप्ताह’ साजरा झाला. सभा झाल्या, प्रदर्शन झाले, नाटक-संगीताचे कार्यक्रम झाले, घरोघर वर्गणी फिरली. स्वतः रेशनवर जगणाऱ्या एका शहराने ग्रीक रेड क्रॉससाठी १२ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमवली. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी होती.

इथे भारतीय वाचकाला तारखा छळू लागतात. ऑक्सफर्डची पहिली बैठक ५ ऑक्टोबर १९४२ ची. अकरा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बंगालच्या मेदिनीपूर किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकले आणि उभे भातपीक खाऱ्या पाण्याखाली गेले. त्याआधीच जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडून येणारा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या दहाहून अधिक माणसे वाहणाऱ्या नावा काढून घेतल्या होत्या. जिथे बाजारहाट, मासेमारी, शेती सगळे नावेवर चाले, तिथले हातपायच बांधले गेले. युद्धखर्चाने महागाई भडकली. १९४३ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या पदपथांवर खेड्यांतून आलेली माणसे मरू लागली, आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेट्समन’ने छायाचित्रे छापली तेव्हा कुठे जगाला कळले. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू १५ लाख धरले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात.

बंगालभोवती शत्रूची नाकेबंदी नव्हती. परवानगी देणारे आणि जहाजे पुरवणारे सरकार एकच होते, लंडनचे. भारतातून धान्याची मागणी जात राहिली. युद्धमंत्रिमंडळ जहाजे नाहीत म्हणून ती पुन्हा पुन्हा नाकारत राहिले किंवा तुटपुंजी मंजूर करत राहिले. कॅनडाने भारतासाठी एक लाख टन गहू देऊ केला, तोही जहाजांच्या टंचाईचे कारण सांगून नाकारला गेला. कॅनडाचाच गहू तेव्हा दरमहा ग्रीसला जात होता. भारतमंत्री लिओ एमरी यांनी सप्टेंबर १९४३ मधल्या रोजनिशीत चर्चिलचे एक मत नोंदवून ठेवले आहे : तसेही अर्धपोटी राहणाऱ्या बंगाल्यांची उपासमार धडधाकट ग्रीकांच्या उपासमारीइतकी गंभीर नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये ग्रीक सप्ताह चालू होता त्याच महिन्यात, व्हाइसरॉय म्हणून आलेल्या वेव्हेल यांनाही हा भेद खुपला आणि त्यांनी तो लंडनला ऐकवला. वेव्हेल हे काही साम्राज्याचे टीकाकार नव्हते, सेनापती होते.

ऑक्सफर्डच्या समितीवर याचा दोष टाकावा, असे मला वाटत नाही. ती नावाप्रमाणेच एका गावची समिती होती आणि तिची नजर युद्धाने गिळलेल्या युरोपावर होती. पण सनदी सेवेत हयात घालवलेले पिम तिच्यात होते, आग्र्यात राहिलेले मिलफर्ड होते. दुष्काळ ओळखून तो जाहीर कसा करायचा, कामे कधी काढायची, फुकट अन्न कोणाला द्यायचे, याची लेखी नियमावली भारतात साठ वर्षे अस्तित्वात होती. दख्खन आणि मद्रासमधल्या १८७६-७८ च्या दुष्काळातून ती जन्मली होती. त्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे अहवालांमागून अहवाल ठेवले होते. एवढे सगळे हाताशी असताना बंगालमध्ये त्या नियमावलीप्रमाणे दुष्काळ जाहीरच केला गेला नाही. ग्रीसच्या बाजूने लंडनच्या सत्तेशी भांडायला बिशप होते, प्राध्यापक होते, मित्रराष्ट्राचे सरकार होते. बंगालच्या बाजूने बोलू शकणारे बहुतेक नेते १९४२ च्या ऑगस्टपासून तुरुंगात होते.

तरीही काही माणसे बंगालात पोहोचली. युद्धात शस्त्र धरायला नकार देणाऱ्या क्वेकर तरुणांचे रुग्णवाहिका पथक १९४२ मध्येच भारतात आले होते. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडर त्याचे प्रमुख. मेदिनीपूरच्या वादळानंतर आणि पुढे दुष्काळात या पथकाने लहान मुलांसाठी दूधकेंद्रे चालवली. आपल्याकडे मुंबईत मे १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनने, बंगालच्या भुकेवरची गाणी आणि नाटके रंगमंचावर आणून झोळी फिरवली. साम्राज्याच्या राजधानीत कोणी ऐकत नसताना मुंबईच्या गिरणगावातले लोक बंगालसाठी पैसे देत होते, हेही या इतिहासात नोंदले पाहिजे.

१९४४ मध्ये ग्रीस मुक्त झाला, पुढे युद्धही संपले आणि इंग्लंडमधल्या बहुतेक दुष्काळ समित्यांनी आपापली दप्तरे बांधून ठेवली. ऑक्सफर्डने तसे केले नाही. जर्मनीत हरलेल्या, बेघर झालेल्या लोकांसाठी तिने कपडे आणि जोडे पाठवायला सुरुवात केली. काल बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या मुलांसाठी ऑक्सफर्डमधल्या बायका कपाटांतून स्वेटर काढून देत होत्या. एवढे कपडे येऊ लागले की त्यांतले काही विकून पैसा करावा असे ठरले आणि ब्रॉड स्ट्रीटवर १७ क्रमांकाच्या जागेत दुकान निघाले. १९४९ पासून ते जो मिटी या माणसाने चालवले. दुसऱ्याने वापरून दिलेली वस्तू विकत घेणे कमीपणाचे मानणाऱ्या इंग्लंडला त्याने ती सवय लावली, आणि आज तिथल्या गावागावांत दिसणाऱ्या धर्मादाय दुकानांना ब्रॉड स्ट्रीटच्या या दुकानाने वाट करून दिली.

१९४९ सालीच समितीने आपले उद्दिष्ट बदलले. युद्धामुळे असो वा अन्य कशामुळे, जगात कुठेही ओढवलेल्या हालअपेष्टा हे आता तिचे क्षेत्र झाले. कागदावर हा बदल एका वाक्याचा आहे. माझ्या लेखी संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हेच. याआधी भूक युद्धाचा परिणाम म्हणून तिच्यापुढे येत होती. आता ती शांततेच्या काळातल्या भुकेकडेही पाहू लागली, आणि शांततेतल्या भुकेला कोणी शत्रू दाखवता येत नाही. तिथे जमीन, मजुरी, व्यापार, कर्ज यांची चौकशी करावी लागते.

या बदलानंतर युरोपाबाहेर तिची पहिली मोठी हाक गेली ती १९५१ मध्ये बिहारच्या टंचाईसाठी. त्याच वर्षी लेस्ली कर्कली समितीचे सचिव झाले. तेही क्वेकर, तेही युद्धात शस्त्र न धरलेले, आणि पुढे वीसहून अधिक वर्षे त्यांनी संस्था चालवली. तारेच्या पत्त्यासाठी वापरले जाणारे ‘ऑक्सफॅम’ हे छोटे नाव १९६५ मध्ये अधिकृत झाले. १९६६-६७ मध्ये बिहारवर पुन्हा दुष्काळ आला, तेव्हा जयप्रकाश नारायण यांच्या बिहार रिलीफ कमिटीच्या जोडीने तिने काम केले.

परवानगीचा वाद मात्र संपला नाही. ब्रिटिश कायद्याप्रमाणे धर्मादाय संस्थेने राजकारण करायचे नाही. भुकेल्याला वाढणे हे दान, आणि तो भुकेला का, हे विचारणे राजकारण, अशी रेघ सरकारे ओढत आली. ऑक्सफॅमने ती वेळोवेळी ओलांडली आणि बोलणी खाल्ली. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेबद्दलच्या प्रचारावरून ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने तिला ताकीद दिली. संस्था मोठी झाली तशी तिच्या अंगणातही अंधार शिरला. भूकंपानंतरच्या हैतीत तिच्याच कर्मचाऱ्यांनी केलेले लैंगिक गैरवर्तन आणि त्यावर घातलेले पांघरूण २०१८ मध्ये उघड झाले; त्यानंतर आयोगाने ओढलेले ताशेरे योग्यच होते. ज्यांच्या मदतीला गेलो त्यांच्या असहायतेचा फायदा घेणे, यापेक्षा मोठा अपराध अशा संस्थेच्या हातून होऊ शकत नाही.

१९४२ ची ती जुनी वृत्ती तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसली ती १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेले लोक भारतात येत होते. वर्षाअखेरीस त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पश्चिम बंगालच्या छावण्यांत पटकी पसरली होती. ऑक्सफॅम तिथे लस, दूध आणि औषधे पुरवत होती. पण पुरवठा करून ही माणसे घरी परतणार नव्हती. पूर्व बंगालात चाललेली कत्तल थांबत नाही तोवर छावण्या भरतच राहणार होत्या, आणि ब्रिटन-अमेरिकेची सरकारे इस्लामाबादला दुखवायला तयार नव्हती. तेव्हा संस्थेने छावण्या प्रत्यक्ष पाहिलेल्या साठ जणांच्या साक्षी गोळा केल्या. त्यांत मदर तेरेसा होत्या, अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी होते, पत्रकार होते, छायाचित्रकार होते, छावण्यांत राबणारे कार्यकर्ते होते. २१ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘टेस्टिमनी ऑफ सिक्स्टी’ या नावाने हे निवेदन प्रसिद्ध झाले आणि जगातल्या राष्ट्रप्रमुखांना व संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधींना पाठवले गेले. त्यात देणगीपेक्षा मोठी मागणी होती : या माणसांकडे पाहा, आणि तुमच्या अधिकारात जे आहे ते करा.